दर पावसाळ्यात गुलाब मरतो? खत देण्याआधी वाफा तपासा

दसरा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, गेल्या वर्षी बारा गुलाब लावले होते, तीन राहिलेत. नवीन रोपं आणलीत, तेवढे खड्डे काढून द्या." सांगलीतलं विश्रामबाग असो, कुपवाड रोड असो की मिरजेकडची एखादी नवी कॉलनी, बोलणं हेच. मी गेलो की आधी खड्डे काढायला नकार देतो. मग काकू चहा टाकतात, कारण त्यांना वाटतं हा भाव वाढवतोय.

भाव वाढवत नाही. ज्या जागी नऊ रोपं मेली तिथं दहावं का जगेल, एवढंच विचारतो. आमची घरची द्राक्षबाग आहे. बंगल्यांच्या आवारात फुलझाडांचे वाफे करून द्यायचं काम मी चौदा वर्षं करतोय आणि हा एकच बिघाड इतक्यांदा निस्तरलाय की अर्धं निदान फोनवरच होतं. दोष बहुतेक वेळा खताचा नसतो, रोपाचा क्वचित असतो. वाफ्याचा असतो. कृष्णाकाठच्या भारी काळ्या मातीत आपण हौसेनं दोन फूट खड्डा काढतो, लाल माती-शेणखत घालून भुसभुशीत भरतो. भोवतीच्या चिकट मातीत पाणी जिरत नाही, वरून चारी बाजूंनी या मऊ खड्ड्यात येतं आणि तिथंच अडकतं. म्हणजे तयार होते ती बादली. खड्डा जितका मन लावून केलेला, तितकी बादली खोल.

आमच्या बागायतदारांत जुनं बोलणं आहे: मुळाला पाणी नको, वाफसा हवा. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. बादलीतलं मूळ पाण्यात उभं राहून गुदमरतं, ते असं.

आधी लक्षणं

बिघाडाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. ऑक्टोबरात लावलेलं रोप डिसेंबर-जानेवारीत झकास फुलतं, आणि इथंच माणूस फसतो, कारण "जमीन चांगलीच आहे" अशी खात्री पटते. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात. जुलैत खालची पानं पिवळी पडून गळतात, शेंडा मान टाकतो, आणि माती ओली असताना रोप तहानलेलं दिसतं. घरातलं कुणीतरी मग आणखी एक बादली पाणी घालतं. ऑगस्टात फांद्या टोकाकडून काळ्या-तपकिरी पडत खाली उतरतात. गणपती येईपर्यंत काडी उरते.

सगळे गुलाब याच वाटेनं जात नाहीत. कुठलं पान बिघडलंय ते नीट बघा.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार: लोह मिळत नाहीये, मातीत चुना जास्त आहे. खालची जुनी पानं सगळीच पिवळी आणि माती ओली: निचऱ्याचा दोष. पानाची कड आणि टोक जळल्यासारखं: क्षार, बहुधा पाण्यातून आलेले. काळे गोल ठिपके आणि भोवती पिवळं: हा बुरशीचा रोग आहे, वाफ्याचा दोष नाही, ही पोस्ट त्यावर नाही. रोप एका आठवड्यात कोमेजलं आणि ओढल्यावर गाजरासारखं हातात आलं: मुळं हुमणी या अळीनं खाल्लीत. आणि रोप तर जोमात आहे, पण पानं वेगळीच, फूल बारीक किंवा येतच नाही: कलम मेलं, खुंट (कलमाखालचा रानगुलाब) वाढला.

एकाच वाफ्यात दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतात, त्याला इलाज नाही. म्हणून खालच्या तपासण्या क्रमानंच करा. पहिल्या काही फुकटातल्या आहेत.

खोरं हातात घेण्याआधी

सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला वाफ्यापाशी जाऊन उभं राहा. गुलाबाला सहा तास तरी थेट ऊन लागतं. ऑक्टोबरात उन्हात असलेला वाफा जूनमध्ये शेजारच्या आंब्याच्या सावलीत गेलेला असतो, कारण सूर्याची वाट बदललेली असते. सावलीतली माती सुकत नाही आणि सगळा दोष निचऱ्यावर जातो.

मग पाणी कुठून कुठं जातं ते बघा. पत्र्याची पन्हळ, गच्चीचा पाइप, धुण्याच्या दगडाचं सांडपाणी यातलं काही वाफ्यात उतरतंय का? एसीचं ठिबकणारं पाणी चालतं, ते हवेतूनच गोळा झालेलं असतं, त्यात क्षार नसतात. गच्चीचा पाइप मात्र एका जोराच्या पावसात वाफ्याची बादली भरून टाकतो. पाइपला एक एल्बो आणि दहा फूट तुकडा जोडून पाणी बाजूला काढलं की काही घरांत काम तिथंच संपतं, आणि मला नुसत्या चहावर परतावं लागतं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एका बंगल्यात वाफ्याच्या कोपऱ्यातला गुलाब दर वर्षी मरायचा, बाकी पाच ठणठणीत. मीच तिथं दोनदा माती बदलून दिली होती, आणि त्याचे पैसेही घेतले होते. तिसऱ्या वर्षी कुंडी सरकवताना खाली लोखंडी झाकण दिसलं. घराच्या अर्थिंगचा खड्डा! जुन्या पद्धतीच्या अर्थिंगमध्ये मीठ आणि कोळसा भरलेला असतो, आणि वायरमननं सांगितल्याप्रमाणे मालक उन्हाळाभर त्यात पाणी ओतत होते. ते मीठ विरघळून सरळ गुलाबाच्या मुळाशी. तुमच्या मीटरच्या बाजूच्या भिंतीलगत वाफा असेल तर आधी अर्थिंग कुठं पुरलंय ते विचारा. त्याच्या जवळपास गुलाबही लावू नका आणि पहारही मारू नका.

पाणी कुठलं देता?

हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, "नळाचंच." मग थोड्या वेळानं वहिनी आतून सांगतात, "आरओचं वाया जाणारं पाणी मी झाडांनाच घालते, टाकवत नाही." भावना चांगली आहे, गुलाबाला मात्र महाग पडते. आरओ गाळलेलं पाणी तुम्हाला देतो आणि मागं राहिलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात घट्ट करून सोडतो. त्या पाण्यानं फरशी पुसा, गाडी धुवा.

दुसरा चोर म्हणजे सॉफ्टनर. बोअरच्या जड पाण्यामुळं गिझर खराब होतो म्हणून नव्या घरांत तो बसवतात. त्याचं काम पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देणं. साबणाला फेस येतो, आणि काळी माती तेवढ्याच जोरात बिघडते: सोडियमनं चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी जिरणं थांबतं. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधी जोडून घ्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायची पेनासारखी स्वस्त मापकं मिळतात. एक घ्या, नळाचं, बोअरचं आणि आरओच्या पाइपचं पाणी शेजारी-शेजारी मोजा. आकडा थोडा मागंपुढं असला तरी तिन्हींतला फरक दिसला की घरातल्या कुणाला आणखी समजावून सांगावं लागत नाही.

पहार, नाक आणि डोळ्याची गाठ

काळ्या मातीचा वरचा इंचभर थर दोन दिवसांत सुकून भेगाळतो आणि खाली अर्ध्या फुटावर ती पेढ्यासारखी मऊ असते. वर बघून पाणी देणारा माणूस म्हणूनच जास्त पाणी देतो. पाणी देण्याआधी रोपापासून वीतभर लांब, वीतभर खोल पहार घाला आणि खालची माती बोटात घ्या. गोळी वळली आणि बोटाला चिकटली तर आज पाणी नको. आत ओल आहे पण गोळी दाबल्यावर फुटते, हा वाफसा. मातीला नासक्या अंड्याचा किंवा गटारीचा वास आला तर हवा संपल्याला बरेच दिवस झालेत.

त्याच वेळी कलमाची गाठ बघा. नर्सरीतला गुलाब म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, आपण डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर कलम करतो तसंच. ती गाठ मातीच्या वर दोन इंच उघडी हवी. नव्या वाफ्यात माती पहिल्या पावसात तीन-चार इंच दबते, रोपही तिच्याबरोबर खाली जातं, मग वरून आणखी माती ओढली जाते आणि गाठ गाडली जाते. ओल्या मातीत गाठ कुजली की कलम जातं आणि खालून खुंट उसळतो. खुंटाची फूट सात पानांची आणि कलमाची पाच पानांची, असा ठोकताळा सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फूट कुठून निघाली ते माती बाजूला करून बघा. गाठीच्या खालून असेल तर कात्रीनं छाटू नका, बुडातून ओढून काढा. कात्रीनं छाटलेल्या जागी पुन्हा दोन येतात.

एका खड्ड्याची परीक्षा

हीच तपासणी सगळ्यात मोलाची आहे आणि हिच्यातच लोक घाई करतात.

वाफ्यातच, पण रोपांपासून दूर, एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा. बाजू पहारीनं गुळगुळीत झाल्या असतील तर खुरप्यानं ओरबाडा. काठोकाठ पाणी भरा आणि जिरू द्या. पहिल्या पाण्यावर निकाल लावायचा नाही. उन्हाळ्यात आपल्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिलं पाणी त्या भेगांतून पळून जातं आणि माणूस खूश होतो. मे महिन्यात केलेली ही परीक्षा हमखास खोटं बोलते. माती भिजून फुगली, भेगा मिटल्या की खरं चित्र दिसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत भरा आणि मग पट्टी लावून मोजा.

तासाला एक ते दोन इंच पाणी उतरलं तर वाफा गुलाबाला चालेल. एक इंचाच्या आत असेल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेला वाफा, करावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी असेल तर त्या जागी जमिनीच्या पातळीवर गुलाब लावणं म्हणजे दर वर्षी नर्सरीला वर्गणी देणं.

इथं हमखास एक सल्ला येतो: "खाली विटांचे तुकडे नि खडी घाला, निचरा होतो." होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच ते खाली टपकतं. म्हणजे चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय खालच्या खडीतून पाणी जायला वाट कुठं आहे? भोवती तीच काळी माती. खडीनं फक्त बादलीच्या तळाला दगड टाकले. मी स्वतः पहिली चार वर्षं लोकांच्या खड्ड्यांत विटा घातल्यात, तेव्हा हे चुकीचं म्हणायचा हक्क मला आहे.

वाळू मिसळायचीही तीच गत. दोन घमेली वाळू काळ्या मातीत गेली की वाळूच्या मधल्या फटी चिकणमाती भरून टाकते आणि विटेसारखा घट्ट थर होतो. वाळूनं माती खरंच मोकळी करायची तर जवळजवळ निम्मी वाळू लागते. तेवढ्या पैशात चांगलं शेणखत येतं.

व्हिनेगर आणि पावसाचं पाणी

स्वयंपाकघरातलं व्हिनेगर वाळलेल्या मातीच्या ढेकळावर टाका. फसफसलं तर मातीत चुना आहे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी थोडं फसफसतंच, काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच. पण सोड्यासारखं उसळलं तर बांधकामाची आठवण करा. प्लास्टर, चुना, सिमेंटचं कालवण, फुटक्या फरश्या हे सगळं कंपाउंडच्या कडेला पुरून वर चार इंच माती पसरायची आणि त्यालाच बागेची जागा म्हणायचं, ही रीत काही नवी नाही. असा राडा सापडला तर इलाज एकच, दीड फूट खणून ट्रॉलीत भरून बाहेर.

मूळ मातीतच चुना असेल तर गंधक घालून पीएच (मातीच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) उतरवण्याच्या नादी लागू नका. हिशेब करून बघा: शंभर किलो चुनखडी विरवायला बत्तीस किलो गंधक लागतं. मातीत दहा टक्के चुनखडी असेल, तर एका चौरस मीटरला एक फूट खोलीपर्यंत साधारण १२ किलो गंधक झालं. एवढं कुणी घालत नाही, घालूही नये. गुलाबाला पीएच ६ ते ७ च्या दरम्यान आवडतो, पण साडेसातपर्यंत तो निभावतो, आणि भरपूर शेणखत असेल तर त्याच्याही थोडं पुढं. लोहाची उणीव पानांवरून भरा. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व २ ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून संध्याकाळी फवारा. नुसतं हिराकस चुनखडीच्या मातीत टाकलं तर थोड्याच दिवसांत ते गंजासारखं होऊन मुळाला मिळेनासं होतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) घेणार असाल तर डबीवरचं नाव वाचा: ईडीटीए प्रकार अशा मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. दुकानदार पहिला देतो, कारण तो स्वस्त असतो आणि आपण विचारत नाही.

आता दुसरा प्रयोग. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी किंवा बॅटरीत घालायचं पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातले क्षार निकाल झाकतात. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद आत सोडा. ढवळायचं नाही, ग्लास हलवायचाही नाही. ढेकूळ नुसतं विस्कटून तळाला बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही. ढेकळाभोवती दुधासारखं ढग तयार झालं आणि उद्यापर्यंत पाणी गढूळच राहिलं, तर माती चोपणाकडं, म्हणजे सोडियम साचून पाणी न जिरणाऱ्या मातीकडं, झुकलीय. वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला वर्षानुवर्षं मोकळं पाणी देऊन जमिनी कशा गेल्या ते आपण बघतोच. बागेतही तेच होतं, फक्त लहान प्रमाणात. चोपण मातीला जिप्सम उपयोगी पडतं, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. पण जिप्सम सोडियमला जागेवरून फक्त उठवतं. तो वाहून जायला निचरा लागतो. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे वाफ्याला लावलेली पावडर. आणि माती चोपण नसेल तर जिप्समनं पीएचही उतरत नाही. "सगळे टाकतात म्हणून" टाकू नका.

एक रोप उपटायचं

इथपर्यंत कारण सापडलं नसेल तर सगळ्यात मरतुकडं रोप बळी द्या. भोवतीनं खणून गोळ्यासकट उचला, बादलीत मुळं धुवा.

मुळं काळी, मऊ, साल हाताला निघून येते: पाणी साठलं होतं. मुळं पांढरी, पण अजून पिशवीच्याच आकारात गोल फिरतायत: नर्सरीतली चिकट लाल माती वाळून कुंभाराच्या मडक्यासारखी झाली, मूळ बाहेर आलंच नाही. भोवतीची काळी माती ओली आणि आतला गोळा कोरडा, असंही मी पाहिलंय. लावताना गोळ्याच्या कडेची माती काट्यानं मोकळी केली असती तर हे टळलं असतं. मुळांवर बारीक गाठी: सूत्रकृमी, डोळ्याला न दिसणारे जंत. मुळंच नाहीत आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी, तपकिरी डोक्याची अळी: हुमणी.

हुमणी आपल्या भागात उसाबरोबर आहेच, पण बागेत ती बहुतेक वेळा आपणच पाहुणी म्हणून आणतो, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. खत टाकताना पातळ पसरून उलटंपालटं करा, अळ्या दिसतात. साळुंक्या आणि कोंबड्या बाकीचं बघतात. खत कुजलंय का ते हातानंच कळतं: गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, त्यात पेंढ्याची काडी ओळखू येत असेल, तर अजून तीन महिने थांबा. कोंबडखत आणि ताजी प्रेसमड (साखर कारखान्यातला उसाच्या रसाचा गाळ) दोन्हींत धग असते. गुलाबाच्या खड्ड्यात ती कच्ची घालू नका. वळवाचे पहिले पाऊस झाले की मे-जूनमध्ये संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाकणं हा जुना आणि अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

जत-आटपाडीकडच्यांना हे सगळं परकं वाटेल. तिथं मुरमात पाणी थांबतच नाही, त्यांचा खड्डा खोलच हवा. महाबळेश्वराच्या बाजूची लाल माती तर आम्लधर्मी, चुन्याची भानगडच नाही. त्यामुळं साताऱ्याच्या पाहुण्यांनी दिलेला सल्ला सांगलीत तसाच उचलू नका.

आता खर्चाचं काम: गादीवाफा

परीक्षेत पाणी एक इंचाच्या आत उतरलं तर खड्ड्यांचा विचार सोडा आणि वर चढा. मुळांना दीड फूट वाफसा द्यायचा, तो जमिनीच्या खाली मिळत नसेल तर जमिनीच्या वर तयार करायचा.

आधी जागेवरची माती वाफसा असताना टिकावानं नऊ इंच खणा. ओली असताना पाय ठेवू नका, एका दिवसाच्या तुडवणुकीनं दोन वर्षांचं काम जातं. गावभागासारख्या खालच्या भागात २०१९ च्या महापुरानंतर वाफ्यावर बसलेला गाळाचा थर अजून तसाच असेल तर तोही या खणण्यात फोडून मिसळा. दोन वेगळ्या मातींच्या सीमेवर पाणी अडतं. याच कारणानं गादीवाफ्याचा पहिला चार इंच थर खालच्या मातीत कालवून घ्यायचा, सरळ वर ओतायचा नाही.

माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग जागेवरचीच वरची काळी माती, एक भाग बारीक चाळलेला मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. मुरमालाही आधी व्हिनेगर लावून बघा, काही मुरूम चुन्यानं भरलेला असतो. लोक विचारतात, सगळी लाल मातीच का नको? कारण मूळ कधीतरी काळ्या मातीत उतरणारच. तिची ओळख आधीपासून झालेली बरी. काळी माती वाईट नाही, अन्नद्रव्य धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिला फक्त दम घ्यायला जागा हवी.

दहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच वाफ्याला ६० घनफूट माती लागते. ती दबणार म्हणून ७० धरा, म्हणजे पाऊण ब्रासला थोडं कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्यात अडीच फुटांवर तिरक्या दोन ओळींत सात रोपं बसतात. नर्सरीवाला दहा सांगेल. विटांचा कठडा बांधलात तर तळाशी दर दोन फुटांवर एक सांधा मोकळा सोडा, नाहीतर जमिनीतली बादली उचलून वर ठेवल्यासारखं होईल. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण गवंड्याला भोकं ठेवायला लावणं हे सगळ्या कामातलं अवघड काम आहे. तो प्रेमानं बुजवतो.

वाफा भरून तीन आठवडे तसाच ठेवा, दोनदा भरपूर पाणी द्या, दबू द्या, मग रोपं लावा. गाठ तीन इंच वर ठेवा, ती पुढं दोन इंचांवर येते. वर उसाचं पाचट चार बोटं पसरा, बुंध्यापासून थोडं लांब. उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटायची थांबतात. ज्या वाफ्यात आधी वर्षानुवर्षं गुलाबच होता तिथं नव्या रोपाच्या जागची दीड फूट माती दुसरीकडून आणा. गुलाबाच्या जागी गुलाब नीट धरत नाही.

इथं थांबा

परीक्षेच्या खड्ड्यात तुम्ही पाणी ओतलंच नाही आणि तरी सकाळी खालून पाणी आलेलं असेल, तर ते बागेचं काम राहिलं नाही. फुटकी पाइपलाइन, भरलेला शोषखड्डा किंवा वर आलेलं भूजल, तिन्हींतलं काय ते प्लंबर शोधेल. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीला खूण करा, सकाळी उतरलेली दिसली तर त्याला सांगायला नेमकं काहीतरी असेल. सांडपाण्याचा वास येत असेल तर त्या मातीत हात घालू नका.

कंपाउंडच्या किंवा घराच्या भिंतीपासून तीन फुटांच्या आत दीड फुटाहून खोल चर काढायची वेळ आली तर आधी बांधकामाच्या माणसाला दाखवा. काळी माती फुगते-आकसते तशी भिंत हलते, पायाशेजारी पाणी मुरवणं तर त्याहून वाईट. अर्थिंग किंवा पुरलेली केबल जवळ असेल तर वायरमन, माळी नाही. हुमणीवर जमिनीत घालायचं कडक औषध कुणी सुचवलं आणि घरात लहान मुलं, कुत्रं, विहीर किंवा बोअर असेल, तर कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय डबा उघडू नका.

ग्लासात ढग दिसलं, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी भुकटी येते, आणि पाणी जिरत नाही, अशी तिन्ही लक्षणं जुळली तर माती तपासून घ्या. पाच-सहा जागची, एक फूट खोलीपर्यंतची माती एकत्र कालवून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. खत टाकलेल्या जागची घेऊ नका. पीएच, ईसी (मातीतल्या विरघळणाऱ्या क्षारांचं माप), मुक्त चुना आणि विनिमययोग्य सोडियम एवढं तपासायला सांगा. ईसी एकच्या आत आणि पीएच आठच्या आत असेल तर गादीवाफ्यावर भागतं. पीएच साडेआठच्या वर आणि सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर आलं तर ती चोपण जमीन. क्षारपड-चोपण जमिनींवर कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात काम चालतं, सल्ला तिथं मागा. भूमिगत निचऱ्याचे पाइप हे शेताचं औषध आहे, बंगल्याच्या चार वाफ्यांना ते परवडत नाही.

अशा घरी मी वाफा करून देत नाही. चौदा इंची कुंड्या घ्यायला सांगतो, बुडाला चार भोकं, खाली खडी नाही, मिश्रण तेच, फक्त काळ्या मातीऐवजी नदीकाठची मळीची माती. मिरजेकडच्या एका वहिनींच्या गच्चीत आता अशा सव्वीस कुंड्या आहेत, आणि खालच्या वाफ्यात त्यांनी कण्हेर लावलीय. कण्हेरीला खारट जमीन चालते. फक्त तिचं पान-फूल-काडी सगळंच विषारी, त्यामुळं दारात शेळी बांधत असाल किंवा घरात रांगतं मूल असेल तर तो वाफा मोकळा ठेवा.